धुऱ्यावर उचललेला हात

मार्गशीर्ष सरत आला की नांदेडच्या भाजीबाजारात ओल्या तुरीचे, हरभऱ्याच्या डहाळ्यांचे, वालाच्या शेंगांचे ढीग लागतात. माझ्या ओळखीची भाजीवाली मग न विचारताच सगळ्यातलं मूठमूठभर पिशवीत टाकते. "भज्जीचं हाय ना, मॅडम?" मी हो म्हणते. भज्जी म्हणजे या सगळ्यांची बेसनात शिजवलेली मिसळीची भाजी. माझ्या शेजारणींना मात्र येळवस म्हणजे काय, ते दरवर्षी नव्यानं सांगावं लागतं. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या लातूर-अहमदपूरच्या पट्ट्यात त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून पुजायचे, आणि मग दिसेल त्याला हाका मारून जेवू घालायचं. त्या दिवशी कुणाच्याही शेतातून माणूस उपाशी जात नाही. वैरी असला तरी नाही.

त्या जेवणाचा जीव आंबिलीत असतो. ज्वारीचं पीठ ताकात आंबवायचं, वरून लसूण, जिरं. हिवाळ्याच्या उन्हात कोपीच्या सावलीला बसून पहिला घोट घेतला की दात शिवशिवतात. माझ्या बाबतीत आणखी एक गोष्ट होते. त्या घोटाबरोबर मला माझीच किंचाळी ऐकू येते: "नको, अण्णा!" बारावीच्या वर्षी येळवसीला मी ती मारली. तिच्यावरून घरात माझी जी चेष्टा सुरू झाली, ती परवापरवापर्यंत चालू होती. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते आणि मला चुकायला अजिबात आवडत नाही, हे इथंच सांगून टाकते.

अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांचे धाकटे भाऊ बापूकाका. दोघांची शेतं लागून, मध्ये एकच धुरा. आमच्याकडे बांधाला धुरा म्हणतात. त्या काळात चार वर्षं दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, आणि कारण सांगायची लाज वाटावी इतकं लहान होतं. धुऱ्यावर एक फळती बोर होती. ट्रॅक्टर वळवायला अडचण होते म्हणून काकांनी ती न विचारता तोडली. अण्णा म्हणाले, "बोर न्हाई तोडली, मपला हात तोडला." काका म्हणाले, "हात इतका लांब व्हता तर आवरून ठेवायचा." झालं. दोन कोपी झाल्या, दोन चुली झाल्या, देवळातही एकजण आत असला की दुसरा बाहेर चपला राखत बसायचा.

आई आणि काकू मात्र पिठाच्या गिरणीत भेटायच्या. आई म्हणायची, "भांडण बाप्यांचं हाय. आमी काहून गप बसावं?" मी आणि काकांची मंगल एकाच वर्षाच्या. दहावीनंतर दोघींना लातूरला शिकायला ठेवायचं ठरलं, आणि या दोन जावांनी संगनमत करून आम्हाला एकच खोली घेऊन दिली. अण्णांना सांगितलं, सोबतीला उदगीरची मुलगी आहे. काकांना सांगितलं, औशाची आहे. अण्णा रविवारी डबा घेऊन यायचे, तेव्हा मंगल मैत्रिणीकडे जायची. काका गुरुवारी यायचे, तेव्हा मी जायची. ही उदगीरची आणि ही औशाची मुलगी दीड वर्ष एका ताटात जेवल्या. एकीच्या डोक्याला दुसरीनं तेल लावलं, एकीच्या तापात दुसरी रात्रभर जागली. मंगल गणितं सोडवायची आणि मी तिला पेशींची चित्रं काढून द्यायची. ती माझ्याहून हुशार होती, हे मी आज लिहून देते. त्या वेळी दिलं नसतं.

मग डिसेंबरात काका एकदा बुधवारीच आले. मी मोरीत भांडी घासत होते, तिथंच थिजले. मंगलनं घाबऱ्याघाबऱ्या पुढ्यात होता तो तांब्या भरून दिला. आमच्याकडे घरात आलेल्या प्रत्येक भांड्यावर नाव कोरून घ्यायची रीत. काका पाणी प्यायले, तांब्या खाली ठेवताना काठावरून त्यांचं बोट फिरलं आणि थांबलं. त्यांनी तांब्या उजेडाकडे धरून वाचला. सख्ख्या भावाचं नाव होतं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते उठले, पायात चपला घातल्या आणि एवढंच म्हणाले, "येळवसीला घरी ये. पेटी घेऊनच ये."

पेटी घेऊन ये, म्हणजे परत जायचं नाही. परीक्षा दोन महिन्यांवर आणि मंगलचं शिक्षण संपलं. आम्ही एकाच एसटीनं गावाकडे आलो. आदल्या रात्रीच्या रडण्यानं डोळे सुजलेले, मांडीवर तिची पत्र्याची पेटी. गाव आलं तेव्हा ती पुढच्या दारानं उतरली आणि मी मागच्या. तोवर अण्णांना यातलं काहीच माहीत नव्हतं. आईला मी सांगितलं तेव्हा ती बाजरीच्या उंड्यांचं पीठ मळत होती. तिनं मळणं थांबवलं नाही. म्हणाली, "उद्या दोघं धुऱ्यावर येतील. बगू."

धुऱ्यावर येणारच होते. येळवसीला पूजा झाली की घरचा कर्ता माणूस डोक्यावर घोंगडं घेतो, आंबिलीची बिंदगी, म्हणजे लहानसा घडा, हातात घेतो आणि शेताच्या कडेकडेनं आंबील शिंपडत फिरतो. सोबत एक कानडी वळणाची हाळी, जिचा अर्थ आमच्याकडे कुणालाच सांगता येत नाही आणि जी चुकलेली कुणाला चालत नाही. एकदा निघालं की मागं फिरायचं नाही. एका बिंदगीत फेरी पुरी झाली पाहिजे. गेली चार वर्षं दोघा भावांपैकी एकजण मुद्दाम उशिरा निघायचा, म्हणजे धुऱ्यावर गाठ नको. त्या वर्षी कुणी उशीर केला नाही.

मी आमच्या कोपीच्या दारात उभी होते. ज्वारी छातीइतकी, करडई काट्यावर आलेली, ऊन असं स्वच्छ की धुऱ्यावरचा दगडन् दगड दिसावा. वारा उलटा होता, आवाज येत नव्हता. दिसत होती ती दोन घोंगडी, समोरासमोर. काकांचं बोट हवेत वरखाली होत होतं. अण्णांची पाठ माझ्याकडे, ताठ. मग अण्णांचा हात बिंदगीसकट वर गेला.

मला पुढचं सगळं दिसलं. अजून झालेलं नव्हतं तेही दिसलं: फुटलेली बिंदगी, काकांचं रक्त, पोलीस, मंगलची कायमची घरी पडलेली पेटी. मी ज्वारीतून धावत सुटले. पानं तोंडाला कापत होती, एक चप्पल कुठं राहिली ते कळलं नाही, आणि मी ओरडत होते, "नको, अण्णा! नको!" पलीकडून काकांच्या कोपीकडून मंगलही धावत येताना दिसली. तीही काहीतरी ओरडत होती, पण माझ्या ओरडण्यात मला ते ऐकू आलं नाही. मी धरून चालले की तिलाही माझ्यासारखंच दिसलं.

मी धुऱ्यावर पोचले तेव्हा अण्णा काकांच्या बिंदगीत आंबील ओतत होते.

काकांची आंबील त्या धुऱ्यापाशीच संपली होती. मागं फिरायचं नाही आणि पुढं जायला बिंदगीत थेंब नाही. अण्णा मुकाट्यानं ओतत होते. काकांनी बोट बुडवून चाखलं आणि म्हणाले, "वयनीनं आवंदा मीठ कमी घातलं." अण्णा म्हणाले, "तुला मीठ कवा पुरलंय?" मी एका चपलेवर धापा टाकत उभी होते, गालावर पानांचे ओरखडे. आणि मंगल पोट धरून हसत होती.

त्या दुपारी आई आणि काकूंनी दोन्ही घरचं जेवण एकाच कोपीत मांडलं. भज्जीत भज्जी मिसळली, दोन खिरी एका पातेल्यात गेल्या. उदगीरच्या आणि औशाच्या मुलीची खरी गोष्ट दोघींनीच सांगून टाकली आणि वर अण्णांनाच विचारलं, "मंग? काय करता?" दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीच्या थांब्यापर्यंत मंगलची पेटी अण्णांनी खांद्यावर घेतली आणि माझी काकांनी. सबंध गाव बघत होतं. आम्ही दोघी एकाच दारानं चढलो. निकाल लागला तेव्हा मंगल कॉलेजात पहिल्या काहींत होती आणि मीही काही वाईट नव्हते. पण मला विचाराल तर आमचा निकाल त्या थांब्यावरच लागला होता.

राहिली माझी चेष्टा. लग्नात, बारशात, कुणी नुसता हात वर केला की कुणीतरी ओरडायचं, "नको, अण्णा!" मीही हसायची. पण आत एक सल होती. बाप भावाला देत होता आणि लेकीला तो मारताना दिसला. एकाच हाताकडे दोघी बघत होतो. मंगलनं नंतर सांगितलं, तिला तो ओतायलाच उचललेला वाटला होता. तिला त्यात माया दिसली, मला मार दिसला. मग मी माझ्या बापाला ओळखत तरी होते का? हा प्रश्न मी कुणाला विचारला नाही, पण आंबिलीचा पहिला घोट घेताना दरवर्षी तो माझ्या शेजारी येऊन बसायचा.

मंगल आज हैदराबादला असते. दोन माणसं एकमेकांशी वागताना आपण बघतो, तेव्हा आपल्या डोक्यात काय चालतं, हा तिचा अभ्यास. म्हणजे गावात ज्याला लोकांच्या भानगडी बघणं म्हणतात, त्याचा तिनं पोटापाण्याचा धंदा केला. एकदा तिनं मला मेंदूची चित्रं घेणाऱ्या मोठ्या यंत्रात घातलं. आत निजायचं, मान हलवायची नाही, आणि गिरणीसारखा खडखडाट. डोळ्यांसमोर आवाज नसलेली चित्रफीत: हॉटेलात दोन माणसं बसलेली, एकजण पुढं वाकतो आणि दुसऱ्याचं मनगट पकडतो. पहिल्यांदा ती म्हणाली, नुसतं बघ. मग कानातल्या हेडफोनमधून म्हणाली, ज्याचं मनगट धरलंय तो तुझा भाऊ आहे असं समज. मग म्हणाली, आता धरणारा तुझा भाऊ, आणि तो मदत मागायला आलाय. तिसऱ्यांदा मी शपथेवर सांगितलं असतं की चित्रफीत बदलली. पहिल्यात धमकी होती, शेवटच्यात विनवणी. बदललं काहीच नव्हतं.

बाहेर आल्यावर तिनं चहा दिला आणि सांगायला लागली. "आपण पोरांना शिकवतो, बघणं डोळ्यांचं काम. अर्धंच खरं आहे ते. समोरची दोघं काय करतायत हे मेंदू ठरवत असतो, तेव्हा आपली भीती आणि आपली इच्छा गप्प बसत नाहीत. कुठं बघायचं, कशाला किंमत द्यायची, यात त्या हात घालतात." मी पडद्यावर माझ्या मेंदूच्या चित्रातल्या रंगांकडे बोट दाखवून विचारलं, "हा लाल ठिपका म्हणजे माझी भीती का?" ती म्हणाली, "ठिपक्यांना अशी नावं देता येत नाहीत, उषे. आणि तुझ्या एकटीच्या डोक्यावरून तर काहीच सिद्ध होत नाही." हे आमच्या आईनं यंत्राशिवाय सांगितलं असतं.

मग मी तिला विचारलंच. "त्या दिवशी तुला ओतणं कसं दिसलं गं?" तिनं कप खाली ठेवला. म्हणाली, "आमच्या बापूनं रिकामी बिंदगी उलटी करून झटकलेली मी बघितली होती. अन् मला परत जायचं होतं. मला दुसरं काही दिसणं परवडणारंच नव्हतं."

तेव्हापासून मी जरा सावध झाले. परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षण करताना दोन मुली एकमेकींकडे वाकलेल्या दिसल्या की माझे पाय आधी तिकडे धावतात. आता मी दोन पावलं टाकून थांबते आणि स्वतःला विचारते, बाई, तुला काय दिसायला हवंय? परवा अशीच थांबले, तर एकीचं पेन संपलं होतं आणि दुसरी आपलं देत होती. पण स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसाच उडाला, म्हणून त्या दिवशी मला मंगलचा राग आला. तिनं माझ्यासारख्या खमक्या बाईला भित्री करून टाकलं, असं वाटलं.

या वर्षी येळवसीला ती आली. आता एकच कोप असते. अण्णांना कमी ऐकू येतं, काकांचा एक डोळा अधू, आणि दोघांची तोंडं मात्र शाबूत. जेवणं झाली, शेंगा फोडत सगळे बसले, तेव्हा काकांनी लेकीला विचारलं, "म्हंजे तू डोस्क्याचे फोटू काढतीस. त्यात दिसतं काय?" मंगलनं ओढणी खोचली आणि व्याख्यानच दिलं. शेवटी तिचं ठरलेलं उदाहरण आलं. म्हणाली, "मी तर जगभर आपल्या धुऱ्याचीच गोष्ट सांगते. एक हात वर गेला. उषाला वाटलं मारतात, मला वाटलं ओततात. ओतलं!" सगळे हसले. काकू म्हणाली, "नको, अण्णा!" मी खिरीत पळी फिरवत बसले.

"हसू नका," अण्णा म्हणाले.

त्यांच्या आवाजात असं काही होतं की शेंगा फोडायच्या थांबल्या. बापूकाकांनी मान खाली घातली.

"उषानं बरूबर बगितलं व्हतं," अण्णा म्हणाले. "ह्यो मला म्हनला, तुमच्या पोरीनं मपली पोरगी बिगडवली. मला ना खोली ठावं, ना काय. लेकीचं नाव काढलं अन् मपलं डोस्कं गेलं. बिंदगी उचलली ती ह्याच्या टकुऱ्यात घालायलाच."

"मी बी ढेकूळ उचलून राहिलो व्हतो," काका हळूच म्हणाले. "ते कुनाला दिसलंच न्हाई."

मंगलचा चेहरा मी विसरणार नाही. "मग?" ती म्हणाली.

"मंग काय. हिकडून ही वरडली, नको अण्णा. हात थांबला. पर थांबला तो वरच. आता वर गेलेला हात खाली कसा घ्यावा? उगंच घेतला तर ह्यो जलमभर हसंल. तितक्यात तिकडून तू वरडत आलीस, अण्णा, बापूच्या बिंदगीत वता, वता! मला वाट घावली." अण्णांनी दोन्ही हातांनी ओतून दाखवलं. "एकीचं ऐकून थांबलो, दुसरीचं ऐकून वतली."

मी उठून उभी राहिले. हातात पळी होती, ती तशीच वर धरली. काय वाटलं ते सरळच सांगते: मी जिंकले होते. भर कोपीत, सगळ्यांच्या देखत, इतक्या वर्षांनी. "ऐकलं का, शास्त्रज्ञ बाई?" मी म्हणाले. मंगल हसत होती आणि डोळे पुसत होती. "माझं व्याख्यान मोडलंस की," ती म्हणाली. "आम्ही म्हणतो, बघणारा नुसता बघतो. इथं तर बघणाऱ्यांनीच घडवलं."

माझं भ्यालेलं डोकं नसतं तर हात थांबला नसता. तिचं आस धरून बसलेलं डोकं नसतं तर थांबलेल्या हाताला काय करावं ते सुचलं नसतं. दोघींच्या डोळ्यांना आपापल्या मनानं फसवलं, असं आम्ही इतकी वर्षं समजत आलो. आणि दोघीही खऱ्या निघालो. मला त्या क्षणी तो सगळा माळ, ती ज्वारी, तो धुरा सातबाऱ्यासकट आपल्या नावावर झाल्यासारखं वाटलं.

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाही?" मी अण्णांना विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बाप भावाला माराया उठला व्हता, हे लेकीला सांगतेत का? लोक तुला हसले, अन् मी चांगला ठरलो. तुला खोटं पाडून चांगला राहिलो, माय." मग त्यांनी माझ्या हातातली पळी घेतली आणि पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं मला खीर वाढली. माझी सल तिथंच गेली. मी बापाला ओळखत होते. मारणाऱ्यालाही आणि थांबणाऱ्यालाही.

शिंपायचं या वर्षी मागं राहिलं होतं; उन्हं कलायला लागल्यावर दोघं म्हातारे त्यासाठी निघाले. तोडलेल्या बोरीच्या बुडाला केव्हाचा फुटवा आलाय, आता तिला बोरंही लागतात. मी आणि मंगल कोपीच्या दारात उभ्या राहून बघत होतो. वारा उलटा होता. बोरीपाशी दोन घोंगडी समोरासमोर थांबली. काकांचं बोट हवेत हललं. अण्णांची पाठ ताठ झाली आणि हात बिंदगीसकट वर गेला.

"काय दिसतंय?" मंगलनं विचारलं.

"तुला?"

उत्तराची वाट कुणीच बघितली नाही. चपला तिथंच सोडून आम्ही दोघी ज्वारीतून धावत सुटलो, मी "नको, अण्णा!" ओरडत आणि ती "वता, अण्णा, वता!" ओरडत.